रॉस पेरो, १९९२ : ‘निवडून येईल का?’ या एका प्रश्नाने बातमीदारीचे काय केले

शिरस्तेदार

२० फेब्रुवारी १९९२ च्या रात्री सीएनएनवरील लॅरी किंग यांच्या कार्यक्रमात टेक्ससचे उद्योजक रॉस पेरो पाहुणे म्हणून आले होते. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणार का, असे किंग यांनी सुरुवातीलाच विचारले आणि पेरो यांनी नकार दिला. किंग यांनी विषय सोडला नाही. कार्यक्रम संपत आला असताना त्यांनी तोच प्रश्न पुन्हा टाकला, तेव्हा पेरो म्हणाले की सामान्य लोकांनी स्वतः खटपट करून पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकेवर आपले नाव आणले, तर आपण उभे राहू. मोठ्या वृत्तपत्रांनी या विधानाला सुरुवातीला फारशी किंमत दिली नाही. पक्ष नाही, संघटना नाही, कधी नगरपालिकेची निवडणूकही लढवलेली नाही, अशा माणसाने दूरचित्रवाणीवर केलेले विधान त्यांना हौसेचा प्रकार वाटला. डॅलसमध्ये दूरध्वनी मात्र खणखणू लागले आणि जूनमध्ये गॅलपच्या जनमत चाचणीत पेरो ३९ टक्के, रिपब्लिकन पक्षाचे विद्यमान अध्यक्ष जॉर्ज बुश ३१ टक्के आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे बिल क्लिंटन २५ टक्के असे चित्र दिसले. १६ जुलैला पेरो यांनी माघार घेतली, १ ऑक्टोबरला ते परतले आणि ३ नोव्हेंबरला त्यांना १८.९ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ९७ लाख मते मिळाली. एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत, त्यामुळे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातील एकही मत त्यांच्या पदरात पडले नाही.

या नऊ महिन्यांत अमेरिकी माध्यमांनी पेरो यांच्याविषयी किमान चार वेगवेगळे निकाल दिले. आधी त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले, मग कौतुक झाले, मग त्यांची झाडाझडती घेतली गेली आणि शेवटी त्यांची टिंगल झाली. माणूस तोच होता, त्याचे म्हणणेही बहुतांशी तेच होते. बदलत होता तो फक्त जनमत चाचणीतला आकडा. या धाग्यात मला मांडायचा मुद्दा एवढाच आहे, की उमेदवार निवडून येण्याची शक्यता किती, हा प्रश्न वृत्तसंस्थांनी ‘त्याच्याकडे लक्ष द्यावे का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला आणि त्यामुळे तपासणी नेमकी चुकीच्या वेळी झाली. पेरो यांच्यावर अन्याय झाला, असे मी म्हणत नाही. नुकसान मतदाराचे झाले.

उद्योगातून आलेल्या उमेदवाराकडे दाखवायला मतदानाची कारकीर्द नसते, सभागृहातील भाषणे नसतात, मंत्रालय चालवल्याचा अनुभव नसतो. त्याची भांडवली गोष्ट एकच असते, ती म्हणजे धंद्यातले यश. तेव्हा पत्रकारांनी सर्वांत आधी ते यश उलगडून पाहायला हवे. पेरो यांची कथा ऐकायला फार रंगतदार होती. ते आयबीएमचे विक्रेते होते, १९६२ साली वर्षभराचे उद्दिष्ट त्यांनी जानेवारीतच पूर्ण केले, मग हजार डॉलरच्या भांडवलावर इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि १९६८ साली तिचे समभाग बाजारात आल्यावर ते अब्जाधीशांच्या पंगतीत जाऊन बसले. १९७९ साली इराणी क्रांतीच्या गदारोळात तेहरानच्या तुरुंगात अडकलेले कंपनीचे दोन अधिकारी सोडवण्यासाठी त्यांनी एका निवृत्त कर्नलच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या कर्मचाऱ्यांची तुकडी पाठवली. १९८४ साली त्यांनी कंपनी जनरल मोटर्सला अडीच अब्ज डॉलरला विकली आणि संचालक मंडळावर बसून त्याच जनरल मोटर्सच्या कारभारावर एवढी जाहीर टीका केली, की १९८६ साली सुमारे ७० कोटी डॉलर मोजून त्यांना बाहेर काढावे लागले. सरकारला सुस्त म्हणणारा, कामाला भिडणारा, स्पष्टवक्ता माणूस अशी जी प्रतिमा मार्च-एप्रिलमध्ये उभी राहिली, ती या कथेवरच.

या कथेचा दुसरा भाग असा आहे, की इलेक्ट्रॉनिक डेटा सिस्टिम्सची खरी भरभराट १९६५ साली मेडिकेअरचा कायदा झाल्यानंतर झाली. वृद्धांच्या वैद्यकीय खर्चाच्या दाव्यांची छाननी करण्याचे काम सरकारने विमा संस्थांकडे सोपवले, त्या संस्थांनी संगणकीय काम बाहेर दिले आणि त्यातील मोठा वाटा पेरो यांच्या कंपनीला मिळाला. टेक्ससच्या ज्या ब्लू क्रॉस या विमा संस्थेचे काम त्यांना मिळाले, तिथे ते स्वतः अर्धवेळ नोकरीलाही होते. म्हणजे सरकारी पैशाची उधळपट्टी थांबवण्याचे आश्वासन देणाऱ्या माणसाची संपत्ती सरकारी कार्यक्रमाच्या ओघातूनच वाढली होती. यात बेकायदा काही होते असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. पण हा माणूस सरकार चालवू शकेल का, या प्रश्नाशी याचा थेट संबंध होता आणि ही माहिती कुठे लपलेली नव्हती. ‘रॅम्पार्ट्स’ या मासिकाने १९७१ सालीच त्यांना सरकारी कल्याण योजनांवर वाढलेला अमेरिकेचा पहिला अब्जाधीश म्हटले होते. १९९२ च्या वसंतात या मुद्द्याला जेवढे वजन मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही, असे माझे मत आहे.

पहिली खरी उलटतपासणी एनबीसीच्या ‘मीट द प्रेस’ कार्यक्रमात ३ मे रोजी झाली. सरकारी अर्थसंकल्पातील तूट भरून काढण्याचा हिशेब काय, असे कार्यक्रमाचे सूत्रसंचालक टिम रसर्ट यांनी आकडे समोर ठेवून विचारले, तेव्हा पेरो वैतागले. या विषयावर बोलायचे आहे हे आधी कळवले असते तर आकडे घेऊन आलो असतो, असा त्यांचा सूर होता. तूट हाच ज्याच्या उमेदवारीचा पाया आहे त्याच्याकडून हे उत्तर यावे, ही त्या वर्षातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बातमी होती. प्रत्यक्षात ती मुलाखत ‘पेरो चिडले’ अशा सुरात जास्त चर्चिली गेली.

जूनमध्ये आकडा ३९ वर गेला आणि पारडे फिरले. वॉशिंग्टन पोस्टने पेरो यांनी बुश व त्यांच्या मुलांविषयी केलेल्या चौकशांचे वृत्त दिले आणि सर्वांच्या मागे गुप्तहेर लावणारा संशयी माणूस अशी नवी प्रतिमा तयार झाली. उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी राज्यघटनेचा तिरस्कार करणारा लहरी धनाढ्य अशी त्यांची संभावना केली. ११ जुलैला नॅशव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेपुढे बोलताना त्यांनी श्रोत्यांना ‘तुम्ही लोक’ असे संबोधले आणि त्यावरून गदारोळ झाला. जुलैच्या मध्यापर्यंत ते तिसऱ्या क्रमांकावर घसरले, प्रचाराचे सूत्रधार एड रोलिन्स यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी पेरो यांनी माघार जाहीर केली. न्यूजवीकने त्यांना मुखपृष्ठावर पळपुटे ठरवले.

यातील बहुतेक बातम्या खऱ्या होत्या आणि देण्यासारख्या होत्या. माझा आक्षेप वेळेला आहे. आकडा चढल्यावरच कागदपत्रे उघडायची अशी रीत पडली, की मतदाराला तपासणी आणि सूड यांतला फरक कळेनासा होतो. पेरो यांच्या समर्थकांना प्रत्येक बातमी वॉशिंग्टनच्या बड्या धेंडांचा डाव वाटू लागली, ती यामुळेच. मार्चमध्ये त्याच बातम्या आल्या असत्या तर त्या नुसत्या माहिती म्हणून वाचल्या गेल्या असत्या. सभासदांचे मत वाचायला आवडेल.

सडेतोड

शिरस्तेदार, लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्ष पटला नाही. अमेरिकेत दर चार वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी शेकडो माणसे अर्ज भरतात. त्यांतल्या कोणाच्या मागे वार्ताहर पाठवायचा, हे संपादकाला कशावरून तरी ठरवावेच लागते, कारण वार्ताहर आणि पाने दोन्ही मोजकी असतात. जनमत हा निकष अपुरा असेल, पण त्याला पर्याय कोणता हे आपण सांगितलेले नाही.

शिवाय माध्यमांनी पेरो यांचा जो स्वभाव दाखवला, तो खोटा ठरला का? त्यांनी जुलैमध्ये मैदान सोडले, ही वस्तुस्थिती आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात त्यांनी सांगितले, की आपल्या मुलीच्या लग्नात विघ्न आणण्याचा रिपब्लिकनांचा कट होता आणि माघारीमागे ते एक कारण होते. या आरोपाचा पुरावा ते देऊ शकले नाहीत. ज्याच्या हाती अण्वस्त्रांची किल्ली जाणार आहे, त्याचा स्वभाव हा दुय्यम विषय असूच शकत नाही. धोरणावरची चर्चा थोडी कमी झाली असेल, तर त्यासाठी पेरो यांनी मे महिन्यापर्यंत धोरण असे काही लिहूनच ठेवले नव्हते, हेही एक कारण आहे.

आकडेमोड

सडेतोड यांचे शेवटचे वाक्य मेपर्यंत खरे आहे, पुढे नाही, आणि मला तरी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय तिथेच दिसतो. ‘मीट द प्रेस’नंतर पेरो यांनी अर्थसंकल्पाचे जाणकार नेमून एक योजना तयार करवून घेतली आणि ती त्यांच्या माघारीनंतर, ऑगस्टमध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली. तिच्यातील तरतुदी कोणत्याही मुरलेल्या राजकारण्याला घाम फोडतील अशा होत्या. पेट्रोलवरचा कर दर वर्षी गॅलनमागे १० सेंट या गतीने पाच वर्षांत ५० सेंटने वाढवायचा, सुस्थितीतील निवृत्तांच्या सामाजिक सुरक्षा निधीवर जास्त कर लावायचा, मेडिकेअरच्या खर्चाला आवर घालायचा, असे ते सगळे होते. अमेरिकेत पेट्रोल महाग करू असे सांगून मते मागायची, म्हणजे आपल्याकडे कांदा महाग करू असे सांगून मते मागण्यासारखे आहे. उमेदवार रिंगणात नाही म्हणून योजनेची चिकित्सा नाही आणि उमेदवार परत आला तेव्हा ‘हा का परत आला’ यापलीकडे जायला सवड नाही, असा तो प्रकार झाला.

ती चिकित्सा शेवटी पेरो यांनी स्वतःच्या पैशाने केली. ६ ऑक्टोबरला त्यांनी मुख्य वेळेतला अर्धा तास विकत घेतला. ते टेबलामागे बसले, पुठ्ठ्यावरचे आलेख एकामागून एक पुढे ठेवले, हातातल्या छडीने रेषा दाखवत राष्ट्रीय कर्ज चार लाख कोटी डॉलरवर कसे गेले ते सांगितले. संगीत नाही, झेंडे नाहीत, हसऱ्या मुलांची दृश्ये नाहीत. जाहिरात व्यवसायातला कोणीही शहाणा माणूस हे चालणार नाही असे म्हणाला असता, पण सुमारे १ कोटी ६५ लाख लोकांनी ते पाहिले. कर्जावरचे अर्ध्या तासाचे व्याख्यान बघायला एवढे लोक तयार होते, हे वृत्तवाहिन्यांच्या ‘लोकांना धोरणात रस नसतो’ या आवडत्या सबबीला मिळालेले उत्तर आहे.

एक उपविषय नोंदवतो, कारण तो दर वेळी निघतोच. पेरो यांनी मते खाऊन बुश यांना पाडले आणि क्लिंटन यांना निवडून आणले, असे आजही बेधडक लिहिले जाते. मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीत, पेरो नसते तर कोणाला मत दिले असते, या प्रश्नावर त्यांचे मतदार बुश आणि क्लिंटन यांच्यात प्रत्येकी ३८ टक्के असे समसमान वाटले गेले होते आणि उरलेल्यांपैकी बरेच जण मतदानालाच आले नसते. हा आकडा तेव्हापासून उपलब्ध आहे, तरीही हा समज बदलत नाही.

तळटीप

उत्तम चर्चा. मूळ लेखातील मांडणीला एक जुने उदाहरण जोडतो, ज्यात माध्यमांचा दोष नेमका उलट्या दिशेचा होता.

१९४० साली वेंडेल विल्की हे कॉमनवेल्थ अँड सदर्न या वीज कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांनी कोणतेही राजकीय पद भूषवले नव्हते, अगदी अलीकडेपर्यंत ते डेमोक्रॅट होते आणि सरकारच्या टेनेसी व्हॅली वीज प्रकल्पाशी झालेल्या लढाईमुळे नावारूपाला आले होते. त्यांची उमेदवारी मुख्यतः संपादकांच्या दालनांत आकाराला आली, असे म्हटले तर ते फार वावगे ठरणार नाही. ‘फॉर्च्युन’चे संपादक रसेल डेव्हनपोर्ट यांनी एप्रिलच्या अंकात त्यांचा लेख ठळकपणे छापला आणि मग नोकरी सोडून त्यांचा प्रचारच हाती घेतला. हेन्री ल्यूस यांची ‘टाइम’ व ‘लाइफ’ ही नियतकालिके अनुकूल होती. जूनमध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने पहिल्या पानावर त्यांना पाठिंबा जाहीर केला. पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धी टॉमस ड्यूई यांना ३६० आणि विल्की यांना १०५ मते होती. सहाव्या फेरीत विल्की उमेदवार झाले. प्रेक्षकांच्या सज्ज्यांतून सतत त्यांच्या नावाचा घोष चालला होता. हे आंदोलन तळागाळातून आले आहे असे कौतुक सुरू झाल्यावर थिओडोर रूझवेल्ट यांची कन्या अ‍ॅलिस हिने, होय, दहा हजार कंट्री क्लबांच्या (म्हणजे धनिकांच्या क्लबांच्या) तळागाळातून, असा टोला हाणल्याची आठवण सांगितली जाते.

बहुसंख्य वृत्तपत्रे विल्की यांच्या बाजूने होती. निर्वाचक मंडळातील निकाल विद्यमान अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ४४९, विल्की ८२ असा लागला. रूझवेल्ट यांनी वृत्तपत्रांना वळसा घालून रेडिओवरून थेट घराघरांत बोलण्याची सवय आधीच लावून घेतली होती. म्हणजे १९४० मध्ये राजकारण्याने नवे माध्यम वापरून वृत्तपत्रांच्या लाडक्या उद्योजकाला हरवले, आणि १९९२ मध्ये उद्योजकाने केबल वाहिनीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमातून वृत्तपत्रांना बगल दिली. यात माझे स्वतःचे अनुमान असे, की संपादकांना उद्योजक आवडतो की नावडतो हे त्याच्या धंद्यावरून ठरत नाही. तो त्यांच्या दारातून आत येतो की नाही, यावरून ठरते. विल्की न्यूयॉर्कच्या पंगतीतले होते. पेरो यांनी केबल वाहिनीवर बसून पत्रकारांना न विचारता उमेदवारी जाहीर केली, तो अपमान पुष्कळांना गिळता आला नाही.

सडेतोड

तळटीप, माहिती रोचक आहे, पण अपमान वगैरे मानसशास्त्र मला दुबळे वाटते. रसर्ट यांनी विचारलेला प्रश्न अपमानातून आलेला नव्हता. तो कोणालाही विचारायला हवा होता आणि त्यांनी तो विचारला.

जुनी पेठ

मला वाटते, पेरो प्रकरणाचा विचार २०१५-१६ च्या उदाहरणाशिवाय अपुरा राहील. डोनाल्ड ट्रम्प यांनी १६ जून २०१५ रोजी उमेदवारी जाहीर केल्यावर महिनाभरात हफिंग्टन पोस्ट या वृत्त-संकेतस्थळाने जाहीर केले, की त्यांच्या प्रचाराच्या बातम्या आपण राजकारणाऐवजी मनोरंजन विभागात देऊ. डिसेंबरमध्ये हा निर्णय फिरवावा लागला. दुसरीकडे वाहिन्यांनी त्यांच्या सभा अखंड दाखवल्या. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०१६ मध्ये छापलेल्या एका अंदाजानुसार त्यांना तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर किमतीची प्रसिद्धी फुकट मिळाली होती. सीबीएस वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेस तर उघडच म्हणाले होते, की हे अमेरिकेसाठी चांगले नसेल, पण सीबीएससाठी फारच चांगले आहे.

आता मूळ लेखातील निकष लावून पाहू. ट्रम्प यांची भांडवली गोष्टही धंद्यातले यश हीच होती. त्यांच्या १९९५ च्या विवरणपत्रात ९१ कोटी ६० लाख डॉलरचा तोटा दाखवला होता, ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सने दिली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये, मतदानाला जेमतेम महिना उरला असताना. अटलांटिक सिटीतील त्यांच्या कसिनोंच्या दिवाळखोरीची माहिती तर वर्षानुवर्षे सार्वजनिक होती. ज्यांना मनोरंजन मानले त्यांची खातेवही कोणी उघडत नाही आणि उघडली जाते तेव्हा मतदाराने आपली बाजू घट्ट धरलेली असते. त्यामुळे शिरस्तेदारांच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, फक्त त्यात एक भर घालीन. १९९२ मध्ये निदान दुर्लक्ष आणि प्रसिद्धी यांची सीमारेषा स्पष्ट होती. २०१५ मध्ये कॅमेरा पूर्णवेळ होता आणि तपासणी नव्हती. नुसते लक्ष देणे पुरेसे नसते, हे यातून दिसते.

जाता जाता, पेरो यांनी १९९५ साली रिफॉर्म पार्टीची स्थापना केली आणि २००० सालच्या उमेदवारीसाठी त्याच पक्षाची चाचपणी करून फेब्रुवारीत बाहेर पडलेले गृहस्थ ट्रम्प हेच होते.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटच्या परिसरात राहतो. राष्ट्राध्यक्षपदाची नसली तरी याच जातीची एक निवडणूक मराठी वाचकांच्या ओळखीची आहे, म्हणून लिहितो.

बेळगाव भागातून आलेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले आणि प्रयोगशाळांच्या व्यवसायात पैसा कमावलेले श्री ठाणेदार यांनी २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणारी) निवडणूक लढवली. स्वतःचे सुमारे एक कोटी डॉलर खर्च करून त्यांनी दूरचित्रवाणीवर जाहिरातींचा धडाका लावला आणि सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते आघाडीवरही दिसले. तोपर्यंत इथल्या बातम्यांत त्यांचा उल्लेख बहुधा एका ओळीचा असे. आकडा वर गेल्यावर मात्र प्रश्न सुरू झाले. २०१० साली बँकेने त्यांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेचा ताबा घेतल्यावर तिथल्या प्राण्यांचे काय झाले, त्यांनी रिपब्लिकन म्हणून उभे राहण्याचाही विचार केला होता का, असे ते प्रश्न होते. त्यांनी आपली बाजू मांडली. ऑगस्टमध्ये ग्रेचेन व्हिटमर जिंकल्या आणि ठाणेदार सुमारे १८ टक्के मतांसह तिसरे आले. पुढे ते राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ साली डेट्रॉइटमधून अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून आले.

सांगायचे ते आपल्या माध्यमांविषयी. त्या उन्हाळ्यात मराठीत मी जे काही वाचले, त्यात गरिबीतून वर आलेला सीमाभागाचा सुपुत्र याखेरीज दुसरे काही नव्हते. शिक्षण, आरोग्य, रस्ते यांविषयी त्यांचे म्हणणे काय, प्रतिस्पर्धी कोण, इथले पत्रकार त्यांना काय विचारत आहेत, याचा पत्ता नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणारे उद्योजक विवेक रामस्वामी यांच्या वेळी २०२३ मध्ये तेच पाहिले. त्यांच्या आईवडिलांचे केरळमधील गाव आणि त्यांचा शाकाहार यांवर भारतात भरभरून छापून आले. ज्या औषधामुळे त्यांच्या उद्योगाचा गाजावाजा झाला, ते अल्झायमरवरचे औषध २०१७ च्या चाचणीत अपयशी ठरले, याची चर्चा अमेरिकी नियतकालिकांनी त्यांच्या उमेदवारीच्या सुरुवातीपासून केली होती; ती आपल्याकडे मला क्वचितच दिसली. आयोवातील पहिल्या पक्षांतर्गत मतदानात रामस्वामी यांना ७.७ टक्के मते पडली आणि त्याच रात्री ते बाहेर पडले. आपल्याकडे मात्र तोवर ते व्हाइट हाउसच्या उंबरठ्यावर होते.

आकडेमोड

मिशिगनकर, रामस्वामी यांचे उदाहरण मूळ मुद्द्याला बळ देणारे आहे. त्यांचा आकडा लहान असतानाच त्यांच्या कंपन्यांचे व्यवहार तपासले गेले, म्हणजे हे करता येते. सडेतोड पर्याय विचारत होते, तो हा आहे. शेकडो अर्जदारांमागे वार्ताहर पाठवायला कोणी सांगत नाही. ज्याच्याकडे स्वतःचा प्रचार चालवण्याइतका पैसा आहे, त्याचा पैसा कुठून आला एवढे पहिल्या महिन्यात छापावे. त्यासाठी तो जिंकेल की नाही, हे ठाऊक असण्याची गरज नाही.

सडेतोड

हा निकष मला मान्य होण्यासारखा आहे, पण मग २०२० च्या निवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणाऱ्या अँड्र्यू यांग यांच्यासारख्यांचे काय करायचे? त्यांच्याकडे पेरो यांच्यासारखा पैसा नव्हता. परीक्षेच्या शिकवणीची कंपनी चालवून विकलेली, नंतर एक स्वयंसेवी संस्था काढलेली, एवढीच त्यांची उद्योजकता. तरी प्रत्येक बातमीत त्यांच्या नावामागे उद्योजक हे बिरुद होते. दरमहा प्रत्येक प्रौढाला हजार डॉलर देण्याची त्यांची कल्पना वादग्रस्त असेल, पण नेमकी होती. एमएसएनबीसी या वृत्तवाहिनीवरच्या उमेदवारांच्या तक्त्यांतून त्यांचे नाव पुन्हापुन्हा वगळले गेले, त्यांच्यापेक्षा मागे असलेल्यांची नावे दाखवली गेली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये, जाहीर माफीशिवाय तुमच्या वाहिनीवर येणार नाही, असे त्यांना म्हणावे लागले. आपल्या ‘पैसा असेल तर तपासा’ या नियमात ते बसत नाहीत.

शिरस्तेदार

सर्वांचे आभार. सडेतोड, यांग यांच्या बाबतीत तपासायची होती ती कल्पना. हजार डॉलर कोणत्या करातून येणार, आधीच्या मदत योजनांचे काय होणार, हे प्रश्न मोजक्या ठिकाणी विचारले गेले आणि बाकी वेळ तक्त्यात नाव आहे की नाही यात गेला. पैसा हा निकष पेरो आणि ट्रम्प यांच्यासाठी, कल्पना हा यांग यांच्यासाठी. दोन्हींसाठी जनमत चाचणीची वाट पाहावी लागत नाही.

स्वभावाच्या मुद्द्यावर आपण म्हणता ते मी नाकारत नाही. मात्र स्वभाव पाहायचा तर तो पुरता पाहायला हवा होता. पेरो यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जेम्स स्टॉकडेल उत्तर व्हिएतनामच्या कैदेत साडेसात वर्षे राहिले होते आणि अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले नौदल अधिकारी होते. १३ ऑक्टोबरला अटलांटात झालेल्या वादचर्चेत त्यांनी ‘मी कोण आहे? मी इथे का आहे?’ अशी सुरुवात केली. तत्त्वज्ञान वाचणाऱ्या माणसाचा तो प्रश्न होता, पण पुढे त्यांना कर्णयंत्र नीट करावे लागले, काही प्रश्न ऐकू आले नाहीत आणि विनोदी कार्यक्रमांना वर्षभराचा मसाला मिळाला. माध्यमांच्या लेखी त्यांची तुरुंगातली वर्तणूक हा स्वभावाचा पुरावा नव्हता, एका संध्याकाळचे गोंधळणे हा मात्र होता. निवड कशी झाली, ते यावरून लक्षात येईल.

तळटीप यांनी दारातून आत येण्याचा उल्लेख केला, त्याला धरून शेवटची माहिती देतो. वादचर्चा भरवणाऱ्या आयोगाने १९९६ साली पेरो यांना व्यासपीठावर घेतले नाही, कारण निवडून येण्याची वास्तववादी शक्यता नाही असा त्याचा अभिप्राय होता. चार वर्षांपूर्वी ज्याला जवळपास दोन कोटी मते पडली होती आणि ज्याच्या प्रचाराला त्या मतांच्या बळावर सरकारी निधी मिळाला होता, त्याच्याविषयी हा अभिप्राय होता. २००० सालापासून आयोगाने तो आकड्यात बांधला : राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी १५ टक्के असतील तरच प्रवेश. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी सेंट लुइसच्या पहिल्या वादचर्चेत पेरो उभे राहिले आणि चार लाख कोटींचे कर्ज करून ठेवण्याचा अनुभव आपल्याला नाही असे म्हणून त्यांनी सभागृह जिंकले, तेव्हा नुकत्याच झालेल्या पुनरागमनानंतर चाचण्यांत ते १५ टक्क्यांच्या बरेच खाली होते. २००० सालच्या त्या नियमाने त्यांना त्या व्यासपीठावर जागा मिळाली नसती.